यहुदी धर्मग्रंथांतलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तनाख म्हणजे यहुद्यांचं मूळ शास्त्र. ख्रिस्ती लोक त्यालाच जुना करार म्हणतात. मिश्ना हा इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेला नियमसंग्रह, आणि तालमूद म्हणजे त्यावर पुढची काही शतकं चाललेली लांबलचक चर्चा. ही तीन नावं खाली सारखी येतील. माणसांची आणि पुस्तकांची नावं शक्यतो मराठी बायबलमध्ये आहेत तशीच ठेवली आहेत.

यहुदी धर्मात पाणी पवित्र मानतात का?

पाण्याने शुद्धी होते, पण पाणी स्वतः पूज्य नाही. त्याला नमस्कार नाही, नैवेद्य नाही, बाटलीत भरून घरी न्यायचं तीर्थ नाही. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एकदा 'पवित्र पाणी' येतं खरं. नवऱ्याला बायकोचा संशय आला तर तिची कसोटी घेण्याच्या विधीत. ते पाणी पवित्रस्थानातल्या हातपाय धुण्याच्या पात्रातलं, असं टीकाकार सांगतात. हा विधी रब्बी (यहुदी धर्मपंडित) योहानान बेन झक्काय यांनी पहिल्या शतकात बंद केला, अशी मिश्नात नोंद आहे. फार बरं केलं.

यहुदी परंपरेला पाण्याबद्दल खरा रस आहे तो एका गोष्टीत: ते आलं कुठून? आभाळातून पडलं, जमिनीतून वर आलं, की माणसाने घडा भरून आणून ओतलं? स्नानाचे नियम घ्या, पावसाच्या प्रार्थना घ्या, नाहीतर संदेष्ट्यांची भाषणं, फिरून फिरून हाच प्रश्न समोर येतो. माणसाच्या हातचं पाणी आणि माणसाच्या हाताबाहेरचं पाणी यांत फरक केला जातो आणि मान बहुतेक वेळा दुसऱ्याला मिळतो.

मग आपल्या गंगेसारखी त्यांची यार्देन (जॉर्डन) नदी का?

नाही. यार्देनेला जे वलय आहे ते मुख्यतः ख्रिस्ती परंपरेतलं, कारण येशूचा बाप्तिस्मा तिथे झाला. यहुद्यांच्या लेखी ती सीमेवरची नदी. ती ओलांडून पूर्वज वचनदत्त देशात शिरले.

2 राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली नामानाची गोष्ट याबाबत बोलकी आहे. अरामी सेनापती नामान कोडाने त्रस्त होऊन अलीशा संदेष्ट्याकडे येतो. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. निरोप धाडतो की यार्देनेत सात बुड्या मार. नामानाचा पारा चढतो. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत, म्हणून तो परत फिरतो. चाकर समजूत घालतात, तो बुड्या मारतो, बरा होतो. आणि जाताना काय मागून नेतो? दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती! पाण्याचा थेंबही नाही.

मिश्ना तर आणखी पुढे जाते. लाल कालवडीच्या राखेत जे झऱ्याचं पाणी मिसळायचं, त्या सर्वांत कडक शुद्धिविधीसाठी यार्देनेचं पाणी चालत नाही, असा तिथे स्पष्ट नियम आहे. कारण ते पाणी भेसळीचं.

उत्पत्तीच्या गोष्टीत पाणी निर्माण केल्याचा उल्लेख का नाही?

वाचणाऱ्याला हे खटकतंच. प्रकाश, अंतराळ, वनस्पती, सूर्य-चंद्र यांची निर्मिती क्रमाने सांगितली आहे. पाणी मात्र दुसऱ्याच वाक्यात आधीपासून तिथे आहे, काळोखात, आणि देवाचा आत्मा त्यावर तरंगतो आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सृष्टिकथेतही सुरुवात पाण्यापासून होते, पण तिथे त्या खाऱ्या पाण्याची एक देवी आहे, तिच्याशी युद्ध आहे, तिला चिरून तिच्या देहाचं आकाश आणि पृथ्वी केली जाते. उत्पत्तीत युद्ध नाही. देव बोलतो आणि पाणी बाजूला होतं. ज्यांना ती जुनी कथा ठाऊक होती त्यांना हा टोला नक्की कळला असणार. स्तोत्रांमध्ये आणि इयोबमध्ये मात्र समुद्राला दटावणारा, जलचर राक्षसांची डोकी फोडणारा देव अधूनमधून डोकावतो. जुनी कथा पुरती विसरली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी देव मध्ये अंतराळ घालून वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करतो. त्या एकाच दिवसापुढे 'ते चांगले आहे' हे वाक्य नाही. रब्बींनी त्याची कारणं शोधली. पाण्याचं काम तिसऱ्या दिवसापर्यंत अपुरं राहिलं, हे एक. दुसरं मला जास्त आवडतं: त्या दिवशी जगात पहिली फूट पडली. याच धाग्यावर एक दंतकथा आहे. खाली राहिलेलं पाणी रडू लागलं, आम्हालाही वर देवाजवळ जायचं होतं म्हणून. तेव्हा देवाने त्याला वचन दिलं, की तुझं मीठ माझ्या वेदीवर दर अर्पणासोबत चढेल आणि सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या, सणात तुलाही वेदीवर ओततील.

बायबलात लग्नं विहिरीवरच का ठरतात?

कारण गावाबाहेरच्या परक्या माणसाला गावातली मुलगी दिसण्याची ती एकच जागा होती. संध्याकाळी पोरी पाणी भरायला येणार, हे उत्पत्ती 24 मध्ये उघडच लिहिलं आहे. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा सेवक मालकाच्या मुलासाठी, इसहाकासाठी, वधू शोधायला निघतो तो थेट विहिरीकाठी जाऊन बसतो. याकोबाला राहेल तिथेच भेटते. लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढणाऱ्या मोशेची बायको सिप्पोरा हीसुद्धा विहिरीवर मेंढरांना पाणी पाजताना भेटलेली.

इसहाकाची वधू ठरलेल्या रिबकेच्या प्रसंगात जरा थांबावं. सेवकाने मनाशी ठरवलं आहे: जी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजते म्हणेल, ती. उंट दहा आहेत. लांबच्या प्रवासाहून आलेला तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. रिबका खांद्यावर घडा घेऊन झऱ्यापर्यंत खाली उतरते, भरून वर येते, डोणीत रिकामा करते आणि पुन्हा पळत जाते. मजकुरात 'धावत' हा शब्द आहे. सेवक नुसता बघत उभा. तो हात का लावत नाही, असं मनात येतंच. पण ही परीक्षा आहे आणि ती तिला ठाऊक नाही.

इसहाकाची तर सगळी कारकीर्द विहिरींची. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. त्याने त्या पुन्हा उकरल्या. नव्या खणल्या तर गुराखी भांडायला आले. पहिली सोडली, दुसरीही सोडली, तिसरीवर कुणी भांडलं नाही. मरुभूमीच्या कडेला राहणाऱ्या माणसांचा हा रोजचा इतिहास.

मोशेचं आणि पाण्याचं नातं इतकं गुंतागुंतीचं का?

जन्मल्यावर तीन महिन्यांनी त्याला डांबर लावलेल्या पेटाऱ्यात घालून नील नदीच्या लव्हाळ्यात ठेवलं. त्याच नदीचं पुढे रक्त झालं. पण बारकावा बघा: नदीवर काठी उगारतो तो मोशेचा भाऊ अहरोन. मिद्राशाचं, म्हणजे रब्बींच्या कथारूप टीकेचं, म्हणणं असं की ज्या पाण्याने मोशेला तान्हेपणी सांभाळलं त्यावर त्याने हात उचलणं शोभलं नसतं. निर्जीव पाण्याचेही उपकार ठेवायचे!

पुढे तांबडा समुद्र. समुद्र दुभंगला हे सगळ्यांना माहीत असतं. तालमुदात त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. मागे फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, सैन्य, पुढे पाणी, आणि सगळे वंश 'आधी तू, आधी तू' करत उभे. तेवढ्यात यहूदा वंशातला नहशोन बिन अम्मीनादाब पाण्यात उतरला. पाणी गळ्याशी आलं, मग समुद्राने वाट दिली. तालमुदात दुसरीकडे असं आहे की मिसरी बुडत असताना देवदूत गाणं म्हणायला निघाले, तेव्हा देवाने त्यांना गप्प केलं: माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडते आहे आणि तुम्ही गाता?

शेवटी मोशे चुकतो तोही पाण्यापाशीच. खडकाशी बोल, असं सांगितलेलं असताना त्याने वैतागून खडकावर दोनदा काठी मारली. पाणी आलं, भरपूर आलं, पण त्याला वचनदत्त देशात पाऊल ठेवता आलं नाही. ही शिक्षा जरा जास्तच वाटते. यहुदी टीकाकारांनाही वाटली असावी, कारण नेमका अपराध कोणता यावर त्यांचं आजतागायत एकमत नाही.

'मिर्यामची विहीर' म्हणजे काय?

गणना 20 मध्ये मोशेची बहीण मिर्याम मरते आणि लगेच पुढच्या वाक्यात येतं, की लोकांना पाणी नव्हतं. तालमूद या दोन वाक्यांची सांगड घालतं: चाळीस वर्षं रानात लोकांबरोबर एक विहीर चालत होती, ती मिर्यामच्या पुण्याईने, ती गेली, विहीर आटली. लहानपणी नदीकाठी उभी राहून भावाच्या पेटाऱ्यावर नजर ठेवणारी तीच ही मिर्याम. गेल्या काही दशकांत अनेक घरांत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, जेवणात एलीया संदेष्ट्यासाठीच्या द्राक्षारसाच्या पेल्याशेजारी मिर्यामसाठी पाण्याचा पेला ठेवू लागले आहेत. ही प्रथा जुनी नाही. स्त्रियांनी नव्याने रुजवलेली आहे.

प्रार्थनेत पावसाला एवढं महत्त्व कसं आलं?

याचं उत्तर भूगोलात आहे. अनुवाद या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे म्हणतो: तुम्ही जिथून आलात त्या मिसरात बी पेरून भाजीच्या वाफ्यासारखं पायाने पाणी द्यायचात, जिथे चालला आहात तो देश डोंगरदऱ्यांचा आहे, तो आभाळाचं पाणी पितो. मिसरात नील नदी होती, कालवे होते, पाट होते. कनानात नीलसारखी नदीच नाही. यरुशलेममध्ये वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळा पूर्ण कोरडा. म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांइतका पाऊस, आणि त्यावर सगळी शेती.

मग पाऊस हेच बक्षीस आणि पाऊस न पडणं हीच शिक्षा, अशी भाषा तयार झाली. याच अध्यायातला 'वेळेवर पाऊस देईन, पहिला आणि शेवटचा' हा भाग भाविक यहुदी रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो. तालमुदात पावसावर आणि दुष्काळातल्या उपासांवर 'ताअनीत' नावाचं अख्खं प्रकरण आहे. त्यात एक विधान असं, की पाऊस पडण्याचा दिवस मेलेल्यांच्या पुनरुत्थानापेक्षा मोठा. कारण पुनरुत्थान सज्जनांचं, पाऊस मात्र सज्जन-दुर्जन दोघांवर पडतो.

पावसाची प्रार्थना कोणत्या महिन्यात म्हणतात? आणि महाराष्ट्रातले यहुदी काय करतात?

प्रार्थनेत पावसाचे दोन उल्लेख आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक निव्वळ स्तुती: 'वारा वाहवणारा आणि पाऊस पाडणारा'. ती सुक्कोथनंतरच्या शमिनी अत्सेरेत या सणापासून वल्हांडणापर्यंत म्हणायची. दुसरी खरी मागणी: 'दव आणि पाऊस दे'. ही मागणी इस्राएल देशात मार्हेश्वान महिन्याच्या सातव्या तिथीपासून सुरू होते, म्हणजे सण संपल्यावर दोन आठवड्यांनी. मधला वेळ का सोडला? सणाला यरुशलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंत कोरडा घरी पोहोचावा म्हणून. पाऊस कितीही हवा असला तरी वाटेवरच्या माणसाला भिजवून नको. पूर्ण ताअनीतमध्ये मला सर्वांत आवडलेला नियम हा.

इस्राएलबाहेर मात्र बाबेलचं गणित चालतं. तिथे पावसाची गरज उशिरा लागायची, म्हणून शरद ऋतूच्या आरंभापासून साठाव्या दिवशी मागणी सुरू होते. सध्याच्या कॅलेंडरप्रमाणे ती रात्र 4 किंवा 5 डिसेंबरला येते. लंडन, न्यू यॉर्क, मुंबई, सगळीकडे तीच तारीख.

आता गंमत बघा. कोकणात डिसेंबरात पाऊस मागणं म्हणजे मोहोरावर संकट ओढवून घेणं, आणि जूनमध्ये आभाळाकडे डोळे लागलेले असतात तेव्हा प्रार्थनापुस्तकात पाऊस नाही. हा पेच आपला एकट्याचा नाही. तालमुदात निनवेच्या लोकांनी रब्बी यहूदा हनासी यांना विचारलं होतं, की आम्हाला ऐन उन्हाळ्यातही पाऊस लागतो, आम्ही काय करावं? उत्तर आलं: ठरलेल्या जागी नको; 'प्रार्थना ऐकणारा' या आशीर्वचनात, जिथे प्रत्येकजण आपापलं गाऱ्हाणं घालतो, तिथे मागा. आजही नियम हाच आहे. रब्बी आशेर बेन येहिएल यांनी 1313 मध्ये स्पेनात, पाऊस ओढ देत असताना, प्रत्येक देशाने आपापल्या हवामानाप्रमाणे मागावं असा आग्रह धरला. मोठा अधिकारी माणूस, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

वर्तुळ आखून पाऊस पाडणारा तो कोण?

होनी. काळ इ.स.पूर्व पहिलं शतक. लोक म्हणाले, पावसासाठी प्रार्थना कर. त्याने जमिनीवर वर्तुळ आखलं, आत उभा राहिला आणि देवाला बजावलं, की तुझ्या लेकरांवर दया करीपर्यंत इथून हलणार नाही. थेंब थेंब पडू लागला. 'असा नको होता, टाकी-हौद भरणारा हवा.' मग धो धो कोसळला. 'असाही नको, आशीर्वादाचा हवा.' मग नीट लागला, आणि इतका लागून राहिला की लोक यरुशलेमच्या मंदिराच्या डोंगरावर चढून बसले आणि आता थांबव म्हणू लागले. शिमोन बेन शेताह या तेव्हाच्या धर्मप्रमुखाने निरोप धाडला: दुसरा कुणी असता तर बहिष्कृत केला असता, पण तू देवाकडे लाडक्या मुलासारखा हट्ट करतोस आणि तो पुरवतो, मी काय करणार?

सुक्कोथमध्ये वेदीवर पाणी का ओतत? एरवी तर द्राक्षारस असे ना?

असे, आणि सुक्कोथमध्ये दोन्ही ओतत. सुक्कोथ हा मांडवांचा सण, पावसाळ्याच्या तोंडावर येणारा. रब्बी म्हणत, की याच सणात वर्षाच्या पाण्याचा निवाडा होतो.

मिश्नाने हा सोहळा डोळ्यांपुढे उभा केला आहे. पहाटे याजक सोन्याची सुरई घेऊन शिलोहाच्या तळ्यावर उतरे. सुरई तीन लोगांची, म्हणजे साधारण लिटरभर. ती भरून पाणदरवाजातून वर येताना शिंग फुंकलं जाई. वेदीवर दोन रुप्याचे कटोरे, बुडाशी भोक पाडलेले. एकात द्राक्षारस, एकात पाणी. पाण्याच्या कटोऱ्याचं भोक बारीक ठेवलेलं, द्राक्षारस दाट म्हणून त्याचं मोठं, म्हणजे दोन्ही एकदम रिते व्हावेत. ओतणाऱ्याला लोक खालून ओरडत: हात वर कर! कारण एकदा एका याजकाने ते पाणी मुद्दाम पायावर ओतलं होतं. लेखी तोरात, म्हणजे तनाखच्या पहिल्या पाच पुस्तकांत, हा विधी उघड सांगितलेला नाही, म्हणून सदूकी पंथ तो मानत नसे. त्या दिवशी लोकांनी हातातली महाळुंगं फेकून त्याला झोडपलं. सणासाठी हातात धरलेली ती लिंबासारखी फळं दगडाइतकीच लागली असणार.

आदल्या रात्री स्त्रियांच्या चौकात उंच सोनेरी दीपस्तंभ पेटत. वाती कशाच्या? याजकांच्या जुन्या विजारी आणि कमरपट्टे फाडून केलेल्या. लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वाजवत-गात. मोठमोठे धर्मपंडित मशाली उडवत नाचत. रब्बान शिमोन बेन गमलिएल एका वेळी आठ मशाली झेलत, असं तालमूद सांगतं. ज्याने हा आनंद पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंद पाहिलाच नाही, हे वाक्य मिश्नातलं.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि हे सगळं थांबलं. शिलोहाचं तळं मात्र 2004 मध्ये सापडलं, सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना. दगडी पायऱ्या वर आल्या. त्या भागाला पाणी येतं गीहोन झऱ्यावरून, हिज्कीया राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे 533 मीटर लांबीच्या बोगद्यातून. दोन टोळ्या दोन्ही टोकांनी खडक फोडत आल्या आणि मध्ये भेटल्या. पलीकडून हाकाऱ्याचा आवाज कसा ऐकू आला, ते तिथल्या शिलालेखात कोरलं होतं. तो 1880 मध्ये सापडला आणि आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

मिकवे म्हणजे आंघोळीचा हौद का?

हौद आहे, पण आंघोळीचा नाही. मिकवेत उतरण्याआधी आंघोळ करून, नखं कापून, केस विंचरून, दागिने उतरवून यावं लागतं. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही राहता कामा नये. अंगठी नाही, नखांवरचा रंग नाही. मग पूर्ण बुडी, एक केससुद्धा वर न ठेवता. मळ आधीच गेलेला असतो. जाते ती विधीच्या अर्थाने आलेली अशुद्धी.

पाणी किमान चाळीस सेआ हवं. हे जुनं माप. आजच्या हिशेबात सव्वातीनशे ते साडेसातशे लिटर, कोणत्या पंडिताचं माप धरता त्यावर. आणि ते नैसर्गिकरीत्या साठलेलं हवं: पावसाचं, झऱ्याचं, भूजलाचं. बादलीने आणून भरलेलं पाणी चालत नाही. मग शहरात काय करतात? छपरावरचं पावसाचं पाणी एका कुंडात सोडतात. शेजारी रोजच्या वापराचा हौद, नळाच्या पाण्याचा, गरम केलेला. दोन्हींमधल्या भिंतीला साधारण दोन इंचांचं भोक. दोन्ही पाणी एकमेकांना टेकलं की नळाचं पाणीही मिकवेचं होतं. धर्मशास्त्र आणि प्लंबिंग इतकं गळ्यात गळा घालून दुसरीकडे कुठे क्वचितच सापडेल.

मिकवेत कोण जातं?

लग्नाआधी वधू; मासिक पाळीनंतर नियमाने मोजलेले दिवस पूर्ण झाल्यावर विवाहित स्त्री; धर्म स्वीकारणारा माणूस. काही पुरुष योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी किंवा दर शुक्रवारी जातात. बिगरयहुद्याकडून घेतलेली धातूची आणि काचेची नवी भांडीही वापरण्याआधी बुडवून काढतात. स्त्रियांच्या पाळीशी हे जोडलेलं असल्याने आजच्या यहुदी स्त्रियांमध्येच यावर मतभेद आहेत. काहींना तो जाच वाटतो, काहींना महिन्यातला स्वतःचा असा एक तास.

समाजासाठी मिकवे इतका गरजेचा, की तो बांधायला पैसे नसतील तर सिनॅगॉग (प्रार्थनागृह) विकण्याचीही परवानगी आहे. जर्मनीत श्पायरला बाराव्या शतकातला मिकवे अजून आहे, जमिनीत खोल उतरत भूजलापर्यंत नेलेला. मसादाच्या किल्ल्यावर, मृत समुद्राकाठच्या त्या उजाड कड्यावर, वेढ्यात अडकलेल्यांनीही मिकवे बांधले होते. 1963 ते 1965 च्या उत्खननात ते सापडले तेव्हा तज्ज्ञ रब्बी मुद्दाम चढून जाऊन माप घेऊन आले. बरोबर भरलं!

पाण्यात बुडी मारून माणसात नेमकं काय बदलतं?

मैमोनिदीस, बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि वैद्य, याचं रोखठोक उत्तर देतो: शुद्धी-अशुद्धी म्हणजे चिखल नव्हे की पाण्याने धुतली जावी, ही शास्त्राची आज्ञा आहे आणि सगळं मनाच्या हेतूवर आहे. हेतू न धरता बुडी मारली तर न मारल्यासारखीच.

शॉवर चालतो का? स्विमिंग पूल?

नाही. समुद्र मात्र चालतो.

कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या परंपरेत पाणी कुठे येतं?

सुरुवातच पाण्यात आहे. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरागत कथा. ग्रंथही समुद्रात गेले म्हणतात. उरलं ते आठवणीतलं: शनिवारची विश्रांती, सुंता, 'शमा'ची प्रार्थना. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं.

या समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान एलियाहू हनाबी, म्हणजे एलीया संदेष्टा. नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा करतात, पोहे, नारळ आणि फळांचा. आणि एलीया कोण? ज्याच्या शब्दाने तीन वर्षं देशात पाऊस पडला नाही, आणि कर्मेल डोंगरावर ज्याने ऐन दुष्काळात वेदीवर बारा घागरी पाणी ओतायला लावलं, तोच. एवढं पाणी त्या दिवसांत आणलं कुठून, हे शास्त्र सांगत नाही. मग ढग आला, तोही आधी तळहाताएवढा, समुद्रावरून. अरबी समुद्राकडे तोंड करून पावसाची वाट पाहणाऱ्या कोकणाला हा संदेष्टा जवळचा वाटावा, यात नवल नाही.

हात धुण्याचा विधी कसा असतो?

भाकरी किंवा पाव खाण्याआधी दोन कानांचं भांडं घेतात. भरून आधी उजव्या हातावर दोनदा (काहींकडे तीनदा) मनगटापर्यंत ओततात, मग डाव्यावर. दोन कान अशासाठी, की धुतलेल्या हाताने न धुतलेल्या हाताचा कान धरावा लागू नये. हात वर उचलून आशीर्वचन म्हणतात, पुसतात आणि भाकरीचा तुकडा तोंडात जाईपर्यंत बोलत नाहीत. पाहुणा नवखा असला की या गप्प बसण्याने गोंधळतो. नळाखाली हात धरलेले चालत नाहीत. पाणी भांड्यातून, माणसाने ओतलेलं हवं. म्हणजे मिकवेच्या अगदी उलट.

मुळात हा याजकांचा नियम. पवित्रस्थानात शिरण्याआधी ते पितळेच्या गंगाळात हातपाय धूत, आणि निर्गम हे पुस्तक सांगतं की ते गंगाळ स्त्रियांनी दिलेल्या आरशांचं ओतलं होतं. मंदिर गेल्यावर घरचं जेवणाचं मेजच वेदी ठरलं आणि घरातला प्रत्येकजण याजक.

नववर्षाला पाण्याकाठी जाऊन खिसे का झटकतात?

हा तश्लिख. रोश हशानाच्या दुपारी नदी, तळं किंवा समुद्रावर जाऊन मीखा संदेष्ट्याचं वचन म्हणतात: 'तू त्यांची सर्व पापे समुद्राच्या डोहात टाकशील.' मुंबईतले यहुदी समुद्रावर जातात. प्रथा तालमुदात नाही. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या जर्मन रब्बींच्या लिखाणात प्रथम दिसते. शक्यतो मासे असलेलं पाणी बघतात, कारण माशाचे डोळे कधी मिटत नाहीत, तसे देवाचेही. पावाचे तुकडे टाकण्यावर कित्येक रब्बी नाराज असतात. लोक टाकतातच.

मृत्यूनंतरही पाण्याचा विधी आहे का?

आहे. 'हेव्रा कदीशा' नावाचं समाजातल्या स्वयंसेवकांचं मंडळ मृतदेह धुतं आणि मग त्यावर नऊ काव पाणी, प्रचलित मापाने वीस-बावीस लिटर, धार न तुटू देता ओततं. एक भांडं संपण्याआधी दुसऱ्याची धार सुरू करतात. स्त्रियांचं स्त्रिया करतात, पुरुषांचं पुरुष. काम होईपर्यंत वायफळ बोलणं नाही, आणि शेवटी मृताची क्षमा मागतात, हाताळताना काही कमीजास्त झालं असेल तर.

तोराला पाणी का म्हणतात?

'अहो तान्हेल्यांनो, पाण्याकडे या', हे यशयाचं वचन रब्बींनी तोराला लावलं. निर्गमात लोक तीन दिवस पाण्यावाचून चालले आणि कुरकुरू लागले. त्यावरून नियम निघाला की तोराशिवाय तीन दिवस जाता कामा नयेत. म्हणून सिनॅगॉगमध्ये सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी तोराचं वाचन होतं. पाणी उंचावर थांबत नाही, सखल जागी जातं. तशी विद्याही नम्र माणसाकडेच टिकते, असंही तालमुदात आहे.

रब्बी अकिवाची गोष्ट प्रसिद्ध आहे. चाळिशीपर्यंत निरक्षर असलेल्या या माणसाने विहिरीच्या तोंडाशी पाण्याने झिजलेला दगड पाहिला आणि मुलाबरोबर मुळाक्षरं शिकायला बसला. पुढे रोमनांनी तोरा शिकवण्यावर बंदी घातली तेव्हा त्याने सांगितलेला दृष्टांत: कोल्हा माशांना म्हणतो, जाळ्यांना भिता तर जमिनीवर या. मासे म्हणतात, जिथे जगतो तिथेच भीती, तर जिथे मरणारच तिथे काय?

संदेष्ट्यांच्या वचनांत कोणतं पाणी येतं?

यिर्मयाचं वचन आधी वाचा. देव म्हणतो, माझ्या लोकांनी दोन दुष्कृत्यं केली: जिवंत पाण्याचा झरा जो मी, त्याला सोडलं, आणि स्वतःसाठी फुटकी टाकी खणली. त्या डोंगराळ भागात घरोघर चुनखडकात टाकी खणून चुन्याचा गिलावा देत. गिलाव्याला तडा गेला की वर्षभराचं पाणी मुरून जाई, आणि ते कळे ऐन उन्हाळ्यात. ऐकणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

आमोस न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हणतो; ज्या देशातले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात तिथे तो 'अखंड वाहणारा ओढा' मागतो आहे. यहेज्केल बंदिवासात बसून स्वप्न पाहतो: मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं, हजार हातांवर घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं, मग पोहून जावं असं. ते मृत समुद्राला मिळतं आणि तो गोडा होतो, कोळी जाळी वाळत घालतात. एवढ्या भव्य दर्शनातही तो व्यवहार सोडत नाही: दलदली आणि डबकी तशीच राहतील, मिठासाठी.

बाप्तिस्मा मिकवेतूनच आला का?

मूळ तिथलंच, येशू आणि त्याला बाप्तिस्मा देणारा योहान दोघेही यहुदी होते. फरक असा, की बाप्तिस्मा एकदाच, आणि मिकवे आयुष्यभर पुन्हा पुन्हा. शिवाय मिकवेत कुणी दुसरा बुडवत नाही, आपली बुडी आपणच मारायची.

साधं पाणी पिण्याआधीही काही म्हणतात का?

हो, एक ओळीचं आशीर्वचन: 'ज्याच्या शब्दाने सारं काही झालं' तो धन्य. पण मिश्नाचे शब्द आहेत 'तहानेसाठी पाणी पिणारा', आणि रब्बींनी ते काटेकोर धरले. घशात घास अडकला म्हणून किंवा गोळी गिळायची म्हणून पाण्याचा घोट घेतला, तर काही म्हणायचं नाही.